ठिबकाला डोकं बसवताना

निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागेला पाणी कधी द्यायचं हे बरेचदा लाईटच ठरवते. रात्री अडीचला थ्री फेज आली की बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, शेजारच्या उसात बिबट्या नसावा अशी आशा करायची आणि एक कॉक बंद करून दुसरा उघडायचा. वॉल आपोआप चालू-बंद व्हावेत असं वाटतं ते इथूनच. गडबड होते ती क्रमात. बहुतेक जण आधी मोबाईलवर चालणारा कंट्रोलर आणतात आणि मग तो चोंदलेल्या ठिबकावर बसवतात. यंत्र वेळ पाळतं, पण ओळीच्या शेवटच्या वेलीला पाणी पोचलं की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून आधी ड्रिपर (वेलीजवळ थेंब सोडणारी तोटी) आणि फिल्टर, मग मातीतला ताण मोजणारा टेन्शिओमीटर, मग वॉल आणि तारा, आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी.

ड्रिपर मोजा

एका वॉलखालच्या भागातल्या चार लॅटरल (वेलींच्या ओळीतून जाणाऱ्या ड्रिपरच्या नळ्या) घ्या: पहिली, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची. प्रत्येक लॅटरलवर याच हिशेबाने चार ड्रिपर निवडा. सोळा ड्रिपरखाली डबे ठेवून बरोबर ३ मिनिटं पाणी धरा. मिलिलिटरला २० ने गुणलं की तासाचा प्रवाह मिळतो. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरने २०० मिली द्यायला हवेत. आता सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी काढा, तिला सोळा डब्यांच्या सरासरीने भागा आणि १०० ने गुणा. ९० च्या वर आलं तर उत्तम, ८५ पर्यंत चालतं. ८० च्या खाली असेल तर पुढचा खर्च थांबवा.

चोंदण्याची कारणं मुख्यतः दोन. विहीर-बोअरचं पाणी जड असेल तर क्षार पांढरे बसतात. शेततळ्याच्या पाण्यात शेवाळ वाढतं आणि हाताला बुळबुळीत लागतं. क्षारांवर आम्लप्रक्रिया करायची. किती आम्ल लागेल हे अंदाजाने ठरवू नका. बादलीत १० लिटर तुमचंच पाणी घ्या, थोडं थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालत सामू (पीएच) ४ च्या खाली येईपर्यंत किती मिली लागलं ते लिहा आणि त्याच प्रमाणात व्हेंच्युरीतून (लाईनच्या पाण्यात द्रव ओढून मिसळणाऱ्या नळीतून) सोडा. पाणी लॅटरलच्या टोकाला पोचलं की मोटार बंद करा, २४ तास तसंच ठेवा आणि मग सगळे एंड कॅप उघडून धुवा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर ती प्रक्रिया वेगळ्या दिवशी, लाईन पूर्ण धुऊन झाल्यावर करा. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज हवाच. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोवर (प्रति चौरस सेंमी) गेला की सँड फिल्टरचा बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून धुवायचा, जाळी किंवा डिस्क काढून धुवायची. हाताच्या कॉकला बारीक खडा चालतो, विजेवर उघडझाप करणाऱ्या सोलेनॉइड वॉलला चालत नाही.

किती मिनिटं?

९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली बसतात. वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर धरले तर एकराला तासाला साधारण ७,७५० लिटर पाणी लागेल. एका वेलीचं क्षेत्र ४.१८ चौरस मीटर. बाष्पीभवन दिवसाला ६ मिमी असेल आणि वाढीच्या काळात एकूण गुणांक (बाष्पीभवनाच्या किती पट पाणी द्यायचं तो आकडा) ०.४ धरला, तर ६ × ०.४ × ४.१८ म्हणजे वेलीला १० लिटर, ड्रिपरच्या भाषेत ७५ मिनिटं. खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या (डोळ्यात पुढचे घड तयार होण्याच्या) काळात पाणी ओढून धरतात. तेव्हा गुणांक साधारण एक तृतीयांशावर आणला की २५ मिनिटं पुरतात.

हे गणित कागदावरचं आहे. निफाडची भारी काळी जमीन आणि चांदवडकडचा मुरमाड माळ या दोन्हींना तेच लिटर वेगळे लागू पडतात. वापसा (मुळांना पाणी आणि हवा दोन्ही मिळेल इतका ओलावा) आहे की नाही हे जमिनीलाच विचारावं लागतं.

टेन्शिओमीटर

हे साधन म्हणजे पाण्याने भरलेली बंद नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप आणि वर गेज. माती वाळली की कपातून पाणी ओढते आणि नळीतला ताण गेजवर सेंटीबारमध्ये दिसतो. ओलावा किती टक्के आहे ते गेज सांगत नाही. मुळाला पाणी ओढायला किती जोर लावावा लागतोय ते सांगतं. वेलीच्या दृष्टीने हाच आकडा कामाचा.

बसवायच्या आदल्या रात्री कप बादलीत भिजत ठेवा. उकळून गार केलेलं पाणी नळीत भरा आणि हातपंपाने हवा ओढत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग कप वाऱ्यावर धरा. काटा हळूहळू ६०-७० पर्यंत चढला पाहिजे, आणि परत पाण्यात बुडवला की काही मिनिटांत शून्याकडे आला पाहिजे. चढतच नसेल तर झाकणाच्या रबरी रिंगमधून किंवा गेजच्या आट्यांतून हवा शिरतेय. ही परीक्षा नापास झालेली नळी जमिनीत घालू नका, तिथं ती काही आपोआप सुधारत नाही.

जागा अशी निवडा: लॅटरलच्या मधली, निरोगी वेल. ड्रिपरपासून एक वीत लांब, ओळीच्या रेषेतच, बोधाच्या (ओळीतल्या मातीच्या वरंब्याच्या) उतारावर नाही. एक नळी ३० सेंमी खोल, दुसरी ६० सेंमी. भोक अर्धा इंची जीआय पाईप ठोकून पाडा. त्याच भोकातली माती चाळून तिचा पातळ राबडा तळाशी ओता आणि नळी हाताने दाबून बसवा. वरून हातोडा मारला तर कप फुटतो. नळीभोवती मातीची लहानशी भर द्या, नाहीतर पावसाचं पाणी नळीच्या कडेने थेट कपापर्यंत उतरेल.

वाचन रोज सकाळी, मोटार सुरू होण्याआधी घ्यायचं. मुरमाड जमिनीत ३० सेंमीचं गेज २०-२५ झालं की पाणी द्यायचं, मध्यम जमिनीत ३०-४०, भारी काळ्या जमिनीत ४०-५०. हे सुरुवातीचे आकडे. शेंडा आणि पानं बघत पहिल्या हंगामात ते सुधारायचे. नळीतल्या पाण्याच्या उंचीचा ताणही गेज दाखवतं, दर १० सेंमीला साधारण १ सेंटीबार, त्यामुळे ६० सेंमीच्या गेजमधून ६-७ वजा करून वाचा. त्यानंतरही ते १० च्या आत राहत असेल तर पाणी मुळांखाली चाललंय आणि त्याबरोबर खतही.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. काळी जमीन वाळताना भेगाळते, कपाभोवती पोकळी होते. ताण ८०-८५ च्या पुढे गेला की नळीत हवा शिरते आणि काटा धाडकन शून्यावर येतो. गेज बघणाऱ्याला वाटतं जमीन चिंब आहे, आणि खरं तर तीच बागेची सर्वांत कोरडी वेळ. माणूस पायाखालची माती बघून ओळखतो, कंट्रोलर ओळखत नाही. म्हणून ताण मोजणारा सेन्सर जोडलात तर हा नियम त्यात आधी लिहा: वॉल उघडलेला नसताना, पाऊस नसताना तासाभरात आकडा ४० ने पडला तर सेन्सर बिघडला असं समजायचं, ठरलेल्या मिनिटांवर चालायचं आणि फोनवर निरोप पाठवायचा.

बाजारातले स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर वापरणार असाल तर पट्टीची उघडी कड इपॉक्सीने बंद करा, नाहीतर पाणी आत मुरून महिन्याभरात आकडे भरकटतात. त्यांना तुमच्याच मातीत कॅलिब्रेट करावं लागतं.

वॉल आणि तारा

सोलेनॉइड वॉल दोन जातींचे. २४ व्होल्ट एसी वॉल वीज असेपर्यंतच उघडा राहतो. लॅचिंग वॉल बॅटरीच्या एका झटक्यावर उघडतो आणि दुसऱ्या झटक्यावर बंद होतो. आपल्याकडे लाईट गेली की मोटारही थांबते, त्यामुळे एसी वॉल आपसूक बंद होणं सोयीचंच. लॅचिंग वॉल बॅटरी उतरली तर आहे त्या स्थितीत अडकतो. तार ओढणं शक्यच नसेल तिथंच तो घ्यावा.

वॉलचा आकार प्रवाहावरून ठरवा, पाईपावरून नाही. तासाला ७-८ हजार लिटरला दीड इंची पुरतो. विनाकारण मोठा घेतला तर कमी प्रवाहात वॉलमधला रबरी पडदा नीट बसत नाही. वॉलच्या कागदावर किमान प्रवाह आणि किमान दाब लिहिलेला असतो, तो बघूनच पैसे द्या.

तारेत कंजुषी करू नका. समजा वॉल ३०० मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६०० मीटर तार. वॉलची कॉइल सुरू होताना साधारण ०.४ अँपिअर घेते. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेत सुमारे ३ व्होल्ट पडतात, वॉल नीट उघडतो. ०.५ चौरस मिमीत मात्र ९ व्होल्टच्या वर पडतात; वॉल नुसता गुणगुणतो आणि कॉइल गरम होत राहते. तार दीड-दोन फूट खोल, पाईपात घालून न्या. उंदीर-घुशींना उघडी तार फार आवडते. मोटारीच्या थ्री फेज केबलशेजारून ती नेऊ नका. ओल्या मातीत चिकटपट्टीचा जोड टिकत नाही, जेल भरलेले कनेक्टर वापरा.

कंट्रोलर

तयार पेटी घ्या किंवा ईएसपी-३२ बोर्ड, डीएस३२३१ घड्याळ आणि आठ रिलेंचा (विजेवर चालणाऱ्या स्विचांचा) पट्टा घेऊन बांधा, काम तेच. एक जागा जपायची. स्टार्टरच्या कॉइलला बऱ्याचदा ४१५ व्होल्ट असतात आणि बोर्डावरचे छोटे रिले २५० व्होल्टचे. ते थेट जोडलेत तर एक दिवस आतली पत्ती चिकटते आणि मोटार थांबतच नाही. मध्ये ४१५ व्होल्टला चालणारा जोड-रिले लागतोच. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार थांबवणारा) आणि ओव्हरलोड रिले आहेत तसेच राहू द्या, त्यांना वळसा घालू नका.

क्रम असा लिहा. पहिला वॉल उघडेल, १५ सेकंदांनी मोटार सुरू होईल. पाळी बदलताना पुढचा वॉल आधी उघडेल आणि १० सेकंदांनी मागचा बंद होईल. शेवटी मोटार आधी बंद, वॉल त्यानंतर. हा क्रम उलटला की चालू मोटारीवर सगळे वॉल बंद होतात आणि पीव्हीसीचा जोड उडतो. लाईट आल्यावर लगेच सुरू करू नका, डीपीवरच्या (त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुटलेल्या असतात आणि व्होल्टेज खाली असतं. तीन ते पाच मिनिटं थांबवा. पाळी अर्धवट राहिली असेल तर ती कुठल्या मिनिटाला थांबली हे बोर्डाच्या स्मृतीत साठवा, नाहीतर लाईटच्या प्रत्येक येण्याजाण्यात पहिल्याच एकराला पुन्हा पुन्हा पाणी मिळतं आणि चौथा एकर कोरडा राहतो.

मोबाईल ॲपपेक्षा पल्स देणारं वॉटर मीटर जास्त कामाचं. ठरलेल्या प्रवाहापेक्षा १५ टक्के जास्त पाणी गेलं तर कुठंतरी पाईप फुटलाय. १५ टक्के कमी गेलं तर फिल्टर भरलाय किंवा विहिरीचं पाणी उतरलंय. मोटार सुरू होऊन दोन मिनिटांत प्रवाहच नसेल तर ती बंद झाली पाहिजे.

सेन्सरला पूर्ण मोकळीक देऊ नका. कमीत कमी आणि जास्तीत जास्त मिनिटं तुम्ही बांधून द्या. मणी पक्व होताना जमीन वाळू देऊन अचानक भरपूर पाणी दिलं तर मणी तडकतात, आणि सेन्सरच्या हिशेबात मात्र ते पाणी बरोबर असतं. ताण कमी करायचाच असेल तर दोन-तीन दिवसांत विभागून करा. खत सोडताना पहिली १५ मिनिटं साधं पाणी, मग खत, शेवटची २० मिनिटं पुन्हा साधं.

पहिला आठवडा यंत्र चालू ठेवा, पण प्रत्येक पाळीला माणूस वॉलवर उभा राहू द्या.

बिघाड

वॉल बंद होत नसेल तर कॉइलकडे शेवटी बघा. आधी हाताने उघडायचा ब्लीड स्क्रू सैल राहिलाय का ते पाहा, मग झाकण खोलून पडद्यातलं बारीक छिद्र बघा. तिथं बाजरीच्या दाण्याएवढा खडा सापडतो. पडदा चिरला असेल तर बदलायचा. वॉल उघडतच नसेल तर मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजा. २४ व्होल्ट एसी कॉइल साधारण २० ते ६० ओहम दाखवते. अनंत दाखवला तर जळाली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. कॉइल चांगली असेल तर वॉलजवळ व्होल्टेज मोजा. तिथं कमी भरलं की तार किंवा जोड शोधायचा, आणि बहुतेक वेळा जोडच निघतो.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली उतरतो तेव्हा टेन्शिओमीटरचं गेज रात्री गोणपाटाने झाका, नळीतलं पाणी गोठलं तर गेज कायमचं जातं. आणि मोटारीच्या खोलीत दोन जादा कॉइल, एक पडदा आणि अर्धा डझन जेल कनेक्टर डब्यात ठेवा. हा माल पिंपळगावच्या दुकानात मिळतो, पण रविवारी रात्री नाही.