मेक्सिकोच्या अमलातील रँचमालकाचे चरित्र कसे लिहावे

गोव्यात जमिनीचे जुने दस्तऐवज वाचण्याची सवय असलेल्यांनी कॅलिफोर्नियातील आरंभीच्या वसाहतकाराचे चरित्रही जमिनीच्या कागदापासूनच लिहायला घ्यावे. उदाहरणादाखल जॉन मार्श घेऊ. १८२३ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झालेला हा गृहस्थ १८३६ मध्ये लॉस एंजेलिसला, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोत, पोहोचला आणि लॅटिनमधील पदवीपत्राच्या आधारे वैद्यकी करू लागला. १८३७ मध्ये त्याने होसे नोरिएगाकडून माउंट डियाब्लो डोंगराजवळचे लॉस मेगानोस हे रँच, म्हणजे गुरे पाळण्याची विस्तीर्ण जमीन, विकत घेतले.

आधी जमिनीचा नकाशा पाहावा. त्याला ‘दिसेन्यो’ म्हणत. बर्कलीच्या बँक्रॉफ्ट ग्रंथालयात असे अनेक नकाशे जपलेले आहेत. आपल्या खरेदीखतातील चतुःसीमांप्रमाणे त्यांत ओढे, टेकड्या आणि वाटा दाखवलेल्या असतात. घरात पोर्तुगीज शिकलेले वडीलधारे असतील तर त्यांना जवळ बसवावे; स्पॅनिश शब्दांपैकी बरेचसे त्यांना ओळखीचे वाटतील, मात्र प्रत्येक शब्द कोशात पडताळूनच घ्यावा. क्षेत्रफळ लीगमध्ये दिलेले असते आणि एक चौरस लीग म्हणजे सुमारे ४,४३९ एकर, हे टिपून ठेवावे.

यानंतर गुरे मोजावीत, आणि माझ्या मते चरित्राचा गाभा इथेच आहे. त्या प्रदेशात रोकड दुर्मिळ असल्यामुळे कातडी आणि चरबी देऊन बोस्टनच्या जहाजांवरून कापड, भांडी, हत्यारे घेतली जात, आणि मार्श रोग्यांकडून औषधोपचाराचा मोबदलाही गुरांच्या रूपाने घेत असे. त्यामुळे त्याच्या संपत्तीचा अंदाज डॉलरमध्ये बांधू पाहणारा लेखक हमखास फसतो.

राबणाऱ्यांची नोंद वगळू नये. ही भूमी मुळात वोल्वोन लोकांची होती आणि रँचवरची कामे मूळ निवासीच करत. त्यांना मुंडकार, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारे, म्हणण्याचा मोह आवरावा, कारण आपल्याकडे मुंडकाराच्या घराला पुढे कायद्याचे संरक्षण मिळाले, तसे त्यांना मिळाले नाही.

शेवटी सनावळी जुळवावी. मेक्सिको आणि अमेरिका यांच्यातील १८४८ च्या तहाने हा प्रदेश अमेरिकेकडे गेला, तर १८५१ च्या अमेरिकी कायद्याने मालकी सिद्ध करण्याचा भार जुन्या मालकांवर टाकला. १८५६ मध्ये मार्शचा खून झाला. १३,३१६ एकरांचे मालकीपत्र १८६७ मध्ये त्याची मुलगी ॲलिस हिच्या नावाने निघाले, म्हणून मालकीपत्राच्या तारखेवरून मालकाच्या हयातीचा अंदाज बांधू नये.