साठीनंतर पिचिंग: चेंडू सुटण्याआधीचा एक सेकंद

वयाच्या ६१व्या वर्षी कॅलिफोर्नियात मी सीनियर स्लो-पिच सॉफ्टबॉल खेळायला लागलो. यात चेंडू अंडरआर्म, हळू आणि उंच कमानीत टाकायचा असतो. लहानपणी गल्लीत अंडरआर्म टाकूनच वाढलेला, त्यामुळे पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची जागा मी स्वतःहून मागून घेतली. पहिल्याच सामन्यात लागोपाठ तीन चेंडू हवेत असतानाच अंपायर ओरडले, ‘इलीगल!’ उंची ठीक होती, चेंडू होम प्लेटजवळच्या (बॅटरपुढच्या) स्ट्राइक ठरवणाऱ्या मॅटवर पडत होते. काय चुकतंय तेच कळेना.

चूक हाताच्या झोक्यात होती. टाकण्याआधी मी हात दोनदा झुलवायचो. नियम असा की आधी निदान एक सेकंद पूर्ण थांबायचं, १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग हात पुढे येताना कमरेजवळून पहिल्यांदा गेला की चेंडू सुटलाच पाहिजे. मध्येच अडखळणं नाही, परत मागे नेणं नाही. नवे खेळाडू आधी कमानीच्या मागे लागतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी हे थांबणं अंगवळणी पाडा. मी चेंडू पोटाशी धरतो, एक श्वास सावकाश सोडतो, मगच हात मागे नेतो.

उंचीचं म्हणाल तर सीनियर सॉफ्टबॉल-यूएसए या संघटनेच्या नियमात कमान जमिनीपासून ६ ते १२ फूट लागते. बास्केटबॉलची रिंग १० फुटांवर असते. पार्कात तिच्या शेजारून टाकून पाहा. चेंडू रिंगच्या हातभर वरून गेला की झालं. त्याहून वर मात्र नको.

रबर, म्हणजे पिचरची पट्टी, होम प्लेटपासून ५० फुटांवर असतं आणि त्यामागे ६ फुटांचा चौकोन. त्यात कुठूनही टाकता येतं, फक्त चेंडू सुटेपर्यंत पिव्हटचा पाय (टाकताना ज्याच्यावर भार असतो तो) आत, जमिनीला टेकलेला हवा. मी अगदी मागून टाकतो. आमच्या वयात समोरून सणसणत येणारा फटका दिसायला ते ६ फूट फार मोलाचे. चेहऱ्यावर मास्क घालाच.

इलीगल चेंडू बॅटरने सोडला तर ‘बॉल’, म्हणजे वाईट चेंडू धरतात. बॅट फिरवली तर मात्र खेळ चालूच. हे ठाऊक नव्हतं, म्हणून आरोळी ऐकून मी हात सैल सोडले आणि फटका थेट नडगीवर बसला. पंधरा दिवस लंगडत होतो.

पहिल्या दिवशीच अंपायरना तीन गोष्टी विचारून घ्या: कमान किती, मागे किती सरकता येतं, आणि मॅटच्या कडेला टप्पा पडला तर स्ट्राइक (चांगला चेंडू) देता का.