अपघाताच्या केसपेपरवरून गंभीरता मोजायला बसण्याआधी

रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमा किती गंभीर, याचा आकडा केसपेपरवरून काढायचा अभ्यास करताय, तर एथिक्स कमिटीचं पत्र आणि रेकॉर्ड रूमची परवानगी झाली असं धरतो. पालिकेच्या हॉस्पिटलात त्याशिवाय पान हलत नाही. फॉर्मवर पेशंटचं नाव नको.

कॅज्युअल्टी रजिस्टर चाळताना लोकलमधून पडलेले आधी वेगळे काढा. सायनला काय, केईएमला काय, रेल्वेचे आणि रस्त्याचे जखमी एकाच दारातून येतात. पादचारी, दुचाकी चालवणारा, मागे बसलेला, हेही तिथेच नोंदवा.

डिस्चार्ज कार्डावर भागवू नका. 'पॉलिट्रॉमा' (अनेक ठिकाणी जखमा) एवढ्यावरून आकडा निघत नाही. सीटीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोट हवीच. किती बरगड्या, कुठल्या बाजूच्या, ते तिथे सापडतं. '?# रिब' (बरगडी मोडल्याचा संशय) लिहिलं असेल तर फ्रॅक्चर पक्कं होईपर्यंत मोजायचं नाही. नंतर झालेला न्यूमोनियाही नाही. माप धडकेच्या जखमेचं आहे. जीसीएसचे, म्हणजे शुद्धीच्या मापाचे, डोळे, बोलणं, हालचाल हे तिन्ही आकडे सुटे आणि वेळेसकट उतरवा. श्वासाची नळी घातल्यावर पेशंट बोलणार कसा?

एआयएस म्हणजे एकेका जखमेची गंभीरता ठरवणारं कोष्टक; त्याची कोणती आवृत्ती वापरताय ते पहिल्याच पानावर लिहा. प्रत्येक जखमेला 1 (किरकोळ) ते 6 (सर्वांत गंभीर). मग आयएसएस, म्हणजे पेशंटचा एकूण आकडा: शरीराचे सहा भाग, त्यांतल्या सर्वांत जखमी तीन भागांचा वरचा एकेक आकडा घ्यायचा, वर्ग करून बेरीज. डोकं 4, छाती 3, पाय 2, म्हणजे 29. कमाल 75, कुठेही 6 आला की थेट 75. गंमत अशी की दोन्ही मांड्यांची हाडं मोडली तरी भाग एकच, म्हणून 3 चा वर्ग एकदाच, 9. मला हे पटत नाही, म्हणून शेजारी एनआयएसएसचा (नव्या आयएसएसचा) रकाना ठेवा. त्यात भाग बघत नाहीत, दोन्ही धरून 18 होतात. आयएसएस 15 च्या वर गेला की मोठा ट्रॉमा. शीटमध्ये 7 किंवा 15 दिसला तर बेरीज चुकलीय, हे आकडे येऊच शकत नाहीत.

पोलिसांचं 'गंभीर' यात मिसळू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे दात तुटला तरी दुखापत गंभीर. एआयएसमध्ये तो 1.

शेवटी फोन नंबर. अपघातानंतर 30 दिवसांत दगावलेला माणूस अपघाती मृत्यूत धरतात आणि तोवर तो घरी गेलेला असू शकतो. पेपरवर बऱ्याचदा आणून सोडणाऱ्याचाच नंबर असतो. वॉर्डात असतानाच नातेवाइकाचा मागून घ्या, जमल्यास दोघांचे.