लास वेगासचा कॅसिनो होस्ट आणि फुकटची खोली: या चुका टाळा

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत लास वेगासला जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. बे एरियातून, फिनिक्सहून, डॅलसहून मंडळी येतात, दोन-तीन दिवस राहतात, थोडं खेळतात आणि निघताना हॉटेलचं बिल बघून चमकतात. शेजारच्या टेबलवरच्या माणसाला खोली फुकट, जेवण फुकट, आणि आपल्याला मात्र रिसॉर्ट फीसकट (खोलीच्या भाड्यावर हॉटेल लावतं ती जादा फी) सगळं भरावं लागलं, असं कसं? त्याची होस्टशी ओळख असते हे खरं, पण त्या ओळखीच्या मागे एक हिशेब असतो. तो ठाऊक नसला की जे सहज मिळालं असतं ते आपण मागत नाही, आणि जे मिळणारच नाही त्याच्यापायी जास्तीचे पैसे घालवतो.

मी इतके हरलो, आता काहीतरी द्या

होस्ट हा कॅसिनोचा पगारी माणूस. चांगले खेळाडू परत परत यावेत हे त्याचं काम. खोली, जेवण, शोची तिकिटं, विमानतळावरून गाडी अशा गोष्टी तो देऊ शकतो. या सवलतींना तिथे सगळे ‘कॉम्प’ म्हणतात. पण त्याच्या हातातलं बजेट तुमच्या खऱ्या हारजितीवर फारसं ठरत नाही. ते ठरतं ‘थिओ’वर, म्हणजे तुमच्या खेळातून कॅसिनोला सरासरीने किती सुटायला हवेत या आकड्यावर. सरासरी बेट, तासाला होणारे डाव, खेळलेले तास आणि त्या खेळातला हाऊस एज (लावलेल्या पैशांतला सरासरीने कॅसिनोकडे राहणारा टक्का) यांचा गुणाकार केला की थिओ निघतो. त्यातला साधारण 20 ते 40 टक्के भाग कॉम्पच्या रूपाने परत येतो.

एक उदाहरण घ्या. दोन शून्यांच्या रूलेटवर तुम्ही दर डावाला 25 डॉलर लावता, तासाला 40 डाव होतात आणि चार तास बसता. एकूण 4,000 डॉलर लावून झाले. हाऊस एज 5.26 टक्के, म्हणजे थिओ 210 डॉलर. होस्टच्या हाती तुमच्यासाठी 42 ते 84 डॉलर. तेच 25 डॉलर ब्लॅकजॅकवर लावलेत, तासाला 70 हात झाले आणि कॅसिनोने तुमच्या खेळाला एक टक्का धरला, तर चार तासांचा थिओ 70 डॉलर आणि कॉम्प 14 ते 28 डॉलर. स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर, एवढ्यात दोघांचा नाश्तासुद्धा होत नाही.

आता ज्याने एकाच डावात लाल रंगावर 2,000 डॉलर लावले आणि घालवले, त्याचा थिओ बघा: 105 डॉलर. त्याला वाटतं, आपण दोन हजारांचे गिऱ्हाईक. कॅसिनोच्या वहीत तो एका डावाचा माणूस आहे. होस्टसमोर चिडून उपयोग होत नाही, उलट पुढच्या खेपेला तो फोन उचलायला कचरतो. याची दुसरी बाजू चांगली आहे. तुम्ही जिंकून उठलात तरी थिओ तेवढाच राहतो, म्हणून जिंकल्यावर कॉम्प मागायला संकोच करू नका.

या हिशेबातून सगळ्यात महाग पडणारी चूक लगेच दिसते: खोली फुकट मिळावी म्हणून जास्त खेळणं. नेहमी 25 लावणारा माणूस “होस्टच्या नजरेत यावं” म्हणून दोन तास 100 डॉलरने रूलेट खेळतो. 8,000 डॉलर लावून होतात, सरासरीने 421 डॉलर जायचे, आणि कॉम्प जास्तीत जास्त 168 डॉलरचे. आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोली बरेचदा त्याहून स्वस्तात विकत मिळते. जेवढं खेळायचं घरून ठरवून आलात तेवढंच खेळा आणि त्यावर जे मिळेल ते पदरात पाडून घ्या. याच्या उलट क्रमाने गेलेला हिशेब जुळत नाही.

दहा मिनिटांचा खेळ सरासरी पाडतो

ही चूक सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. बहुतेक मोठे कॅसिनो ऑफर ठरवताना तुमचा दर दिवसाचा सरासरी थिओ बघतात. समजा शुक्रवारी रात्री उशिरा पोचलात, झोपण्याआधी प्लेअर्स क्लबचं, म्हणजे कॅसिनोच्या सभासदत्वाचं, कार्ड घालून पंधरा मिनिटं स्लॉट मशीनवर खेळलात. शनिवारी दिवसभर नीट खेळलात, थिओ झाला 300 डॉलर. रविवारी विमानतळावर निघण्याआधी पुन्हा दहा मिनिटं. शुक्रवार आणि रविवारचे मिळून दहा डॉलर धरले तर 310 डॉलर तीन दिवसांत वाटले गेले, म्हणजे दिवसाला 103. फक्त शनिवारी खेळला असतात तर सरासरी 300 राहिली असती, आणि पुढच्या महिन्यात आलेली ऑफर वेगळी दिसली असती.

शिवाय कॅसिनोचा दिवस मध्यरात्री संपतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो पहाटे बदलतो. नेमका किती वाजता, हे प्लेअर्स क्लबच्या काउंटरवर विचारलं की सांगतात. ज्या दिवशी मनापासून खेळायचं नाही, त्या दिवशी कार्ड खिशातच राहू द्या. सगळ्यात उत्तम म्हणजे त्या दिवशी खेळूच नका, बेलाजिओची कारंजी बघा.

कार्ड असून नोंद नाही

स्लॉटवर कार्ड घातलं की मशीन सगळं मोजतं. टेबलवर मात्र माणूस मोजतो. बसताना चिप्स घेण्याआधी कार्ड डीलरसमोर ठेवा. फ्लोअर सुपरवायझर ते नेऊन तुमचं नाव चढवतो आणि तुमची बेट अधूनमधून बघून सरासरी लिहितो. सुरुवातीच्या काही हातांवर त्याचं लक्ष जास्त असतं. या नोंदीला रेटिंग म्हणतात. “माझं रेटिंग चालू आहे ना?” हे विचारण्यात काही गैर नाही. उठताना “सरासरी किती धरली?” हेही विचारा. 50 लावत होतात आणि त्याने 25 लिहिले, तर ते तिथल्या तिथे दुरुस्त होतं. दुसऱ्या दिवशी होस्टला सांगून फारसं काही होत नाही.

आपल्या मंडळींची आणखी एक सवय म्हणजे सगळ्या ग्रुपने एकाच्या कार्डावर खेळायचं, म्हणजे पॉइंट एकत्र साठतील. कार्ड ज्याचं त्यानेच वापरायचं असतं. स्लॉटवर मोठी रक्कम लागली तर कराचे कागद खेळणाऱ्याच्या ओळखपत्रावर होतात, आणि कार्ड दुसऱ्याचं निघालं की तिथेच घोळ सुरू होतो. नवरा-बायकोची खाती बऱ्याच ठिकाणी जोडता येतात. ते रीतसर करून घ्या.

खेळ कुठे खेळता यालाही महत्त्व आहे. बेलाजिओ आणि सीझर्स पॅलेस शेजारी-शेजारी असले तरी पहिला एमजीएमचा, दुसरा सीझर्सचा. एकाचं कार्ड दुसऱ्याकडे चालत नाही. याउलट फ्लेमिंगो, पॅरिस, हॅराज हे सीझर्सच्याच गटात मोडतात. चार मालकांकडे थोडं-थोडं खेळलात तर चारही ठिकाणी तुम्ही अनोळखीच राहता.

मागायचं केव्हा आणि कसं

होस्ट आपणहून येईल याची वाट बघू नका. प्लेअर्स क्लबच्या काउंटरवर “माझ्या खात्याला होस्ट नेमला आहे का?” एवढं विचारा. नसेल आणि तुमचा खेळ पुरेसा असेल, तर ते नाव देतात. नसेल पुरेसा, तर तेही कळतं.

पुढच्या खेपेच्या दोन-तीन आठवडे आधी संदेश पाठवा. आधी कॅसिनोच्या ॲपमध्ये स्वतःला आलेल्या ऑफर बघून घ्या, मग नेमकं मागा: कार्डाचा नंबर, तारखा, किती माणसं, आणि एक-दोन गोष्टी. “रविवार ते मंगळवार येतोय, ॲपमध्ये दोन रात्री दिसतायत, तिसरी जमेल का? आणि चेकआऊट दुपारी दोनला मिळेल का?” असं विचारलेल्याला होस्ट पटकन उत्तर देतो. “काय काय मिळेल?” याला उत्तर देणं त्यालाही अवघड जातं. जानेवारीतलं सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन किंवा नोव्हेंबरमधली फॉर्म्युला वन शर्यत, या दिवसांत खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि होस्टचे हात बांधलेले. तेव्हा नकार आला तर मनाला लावून घेऊ नका.

दुसरी महत्त्वाची वेळ म्हणजे निघण्याची सकाळ. हॉटेलमधल्या जेवणाचे पैसे रोख न देता खोलीच्या बिलावर टाका. चेकआऊट करण्याआधी होस्टला कळवा: “माझा खेळ बघून बिलातलं काही कमी करता येईल का?” तो संगणकावर थिओ बघतो आणि जेवढं बसतं तेवढं काढतो. एकदा पैसे भरून झाले की ते परत मिळवणं कठीण. आणि खोली कॉम्प असली तरी रिसॉर्ट फी माफ आहे का, हे आधीच विचारा. ती राहून जाते आणि तिथेच रुसवेफुगवे होतात.

होस्टला रोख टीप देऊ नका. बऱ्याच कॅसिनोंत ती घ्यायला बंदी असते आणि तुम्ही त्याची नोकरी अडचणीत आणता. बाकरवडीचं पाकीट द्यायचं असेल तरी आधी विचारा. त्याच्या वरिष्ठाला नाव घेऊन लिहिलेलं आभाराचं पत्र जास्त कामाचं.

मार्कर

होस्ट ओळखीचा झाला की कधीतरी तो क्रेडिट लाइन सुचवतो. व्याज नाही, सही केली की टेबलवर चिप्स. त्या सहीच्या कागदाला मार्कर म्हणतात, आणि नेवाडात तो चेकसारखा धरला जातो. मुदतीत तुमच्या बँक खात्यातून वटला नाही तर प्रकरण सरकारी वकिलाकडे जाऊन फौजदारी होऊ शकतं. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने हा धोका मुळीच पत्करू नये.

टेरन्स वातानाबे या ओमाहाच्या उद्योजकाने 2007 साली सीझर्स पॅलेस आणि रिओ या दोन ठिकाणी मिळून 12 कोटी डॉलरच्या वर घालवले. त्याच्या दिमतीला काय नव्हतं! 2009 साली न वटलेल्या मार्करांवरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. होस्ट कितीही गोड बोलणारा असला तरी तुम्ही किती खेळता यावर त्याचं काम मोजलं जातं. खेळ हाताबाहेर चाललाय असं वाटलं, तर होस्टला ऑफर थांबवायला सांगा, प्लेअर्स क्लबमधून स्वतःवर बंदी घालून घेण्याचा अर्ज भरा, आणि 1-800-GAMBLER वर फोन करा.

गोव्यात मांडवीतल्या बोटींवर जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट वेगळी. प्रवेशाच्या पॅकेजमध्येच बरेचदा जेवण आणि काही चिप्स येतात, आणि सप्टेंबर 2025 पासून चिप्सच्या खरेदीवर 40 टक्के जीएसटी आहे. फुकटचं जेवण किती रुपयांना पडलं, हे काढताना तो धरायला विसरू नका.

होस्ट उत्तरच देत नसेल तर

दोन संदेश पाठवून आठवडाभर काही आलं नाही, तर तीन शक्यता असतात. तो नोकरी सोडून दुसऱ्या कॅसिनोत गेला असेल. या धंद्यात हे सारखं होतं. तुमचा सरासरी थिओ त्याच्या यादीच्या खाली गेला असेल. किंवा वर्षभर तुम्ही फिरकलाच नसाल. कॅसिनोच्या मुख्य नंबरवर फोन करून होस्ट विभाग मागा आणि “माझ्या खात्याला सध्या कोण आहे?” असं विचारा. तुमचा खेळ कॅसिनोकडे नोंदलेला असतो, तो होस्टबरोबर जात नाही. जुना होस्ट नव्या ठिकाणाहून बोलावत असेल, तर पहिल्या खेपेला काय मिळेल ते आधी लेखी मागून घ्या, कारण तिथे तुमची पाटी कोरी आहे.