ग्राफिक्स कार्डाला हो म्हणण्याआधी

नौपाड्यात किंवा वाशीत डेस्कटॉप जुळवून घ्यायला गेलं की 'ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा वेगळा भाग) टाकू ना?' हा प्रश्न येतोच. टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, यूट्यूब एवढंच काम असेल तर सरळ नाही म्हणा. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स त्याला पुरून उरतं.

मात्र कोटेशनवर प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. इंटेलच्या आय५-१२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. थोडा स्वस्त म्हणून एफवाला घेतलात, तर कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहील.

आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. मेमरीचे दोन्ही चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारे मार्ग) चालतात आणि हलक्याफुलक्या गेममध्ये फरक चांगलाच जाणवतो. (रंगीत दिव्यांच्या पंख्यांनी काही जाणवत नाही.)

मोठे गेम, ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर, ४के व्हिडिओ एडिटिंग असेल तर कार्ड हवंच. कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्यापुढच्या कार्डाला एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) वेगळी केबल लागते. आणि मॉनिटरची वायर कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही.