लॉग म्हणतो क्लिक झाला, बटण म्हणतं नाही: या चुका टाळा

माणसाऐवजी स्क्रीनवरची बटणं दाबणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिलीत. तिच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, ‘क्लिक यशस्वी’, स्क्रीनवर मात्र ढिम्म काही नाही. अशा वेळी बहुतेक जण स्क्रिप्टमध्ये दोन सेकंदांचा डिले टाकून मोकळे होतात. पहिली चूक हीच. आधी बघा, क्लिक कुठल्या वाटेने जातोय.

पहिली वाट सेंडइनपुट, म्हणजे माउस-कीबोर्डची नक्कल करणारं विंडोजचं फंक्शन. त्याचा क्लिक खऱ्या माउससारखा असतो. कर्सर हलतो, विंडो समोर लागते. जवळपास सगळीकडे चालतो, म्हणून लोक डोळे झाकून तोच वापरतात. पण स्क्रीन लॉक झाली किंवा रिमोट डेस्कटॉपची विंडो मिनिमाइझ केली की खेळ खलास. दिवसा शहाण्यासारखा वागणारा बॉट रात्री शेड्युलवर आपटतो, तो बहुधा यामुळेच.

दुसरी गोम परवानगीची. समोरचं सॉफ्टवेअर अॅडमिन म्हणून चालू असेल आणि स्क्रिप्ट साधी, तर व्हिस्टापासून विंडोज तो क्लिक मधेच गिळतं, आणि एरर कोडमधूनही पत्ता लागू देत नाही. दोन्ही एकाच पातळीवर चालवा.

स्केलिंगने, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं मोठं करून दाखवणाऱ्या सेटिंगने, तर माझी अख्खी दुपार खाल्ली आहे. स्केलिंग 125 टक्के, स्क्रिप्टला त्याची गंधवार्ता नाही. तिच्या हिशेबाने बटण (800, 400) वर, प्रत्यक्षात ते (1000, 500) वर. क्लिक पडत होता, फक्त शेजारच्या रिकाम्या जागेत! स्क्रिप्टची प्रोसेस डीपीआय-अवेअर करा, म्हणजे तिला स्केलिंगची जाणीव राहील.

दुसरी वाट विंडो मेसेजची: माउस न हलवता ‘क्लिक झाला’ असा निरोप थेट त्या विंडोला द्यायचा. यात कर्सर अडवला जात नाही, पण कोऑर्डिनेट (जागेचे आकडे) त्या विंडोच्या आतल्या कोपऱ्यापासून मोजायचे, स्क्रीनच्या नाही. बटण दाबल्यावर डायलॉग उघडत असेल तर सेंडमेसेज, म्हणजे उत्तराची वाट बघणारा निरोप, तो बंद होईपर्यंत अडकून बसतो. तिथे निरोप टाकून लगेच मोकळा होणारा पोस्टमेसेज वापरा. स्वतःची बटणं स्वतःच रंगवणारी अॅप्स मात्र हे मेसेज सरळ कानाआड करू शकतात.

तिसरी वाट यूआय ऑटोमेशन, म्हणजे स्क्रीनवरची बटणं-चौकटी प्रोग्रामला ओळखू देणारी विंडोजची सोय. माझी पहिली पसंती तिच्यातल्या इन्व्होकला, म्हणजे बटणाला थेट ‘दाबलं जा’ सांगणाऱ्या आज्ञेला. त्याला कोऑर्डिनेट लागत नाहीत, फोकसही सहसा लागत नाही. फक्त चेकबॉक्सवर इन्व्होक शोधत बसू नका, तिथे टॉगल (खूण करा-काढा ही आज्ञा) असतं. माउस वर नेल्यावरच उघडणारे मेनू इन्व्होकला सापडत नाहीत, तिथे निमूट सेंडइनपुटकडे या.

आणि तो डिले काढा. त्याजागी क्लिकनंतर जे दिसायला हवं, समजा ‘सेव्ह झाले’ची पट्टी, तिची वाट बघा. दहा सेकंदांत ती आली नाही, तर लॉगमध्ये ‘यशस्वी’ लिहूच नका.