स्टारक्राफ्ट २ एकट्याने खेळताना: पडून राहिलेल्या मिनरल्सचा हिशोब

स्टारक्राफ्ट २ हा बेस उभारून सैन्य लढवायचा कॉम्प्युटर गेम आहे. त्यातलं एखादं मिशन हरलात की लगेच रीस्टार्ट दाबू नका. आधी स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातला आकडा बघा. तिथे ९०० मिनरल्स (खाणीतून मिळणारे, गेममधले पैसे) पडून असतील, तर तुमचे १८ मरीन, म्हणजे साधे सैनिक, जन्मालाच आले नव्हते, कारण एका मरीनला ५० मिनरल्स लागतात. लढाईत चुकलं असं वाटत असतं, पण गेमचं पहिलं कॅम्पेन (एकट्याने खेळायच्या मिशनांची मालिका) 'विंग्ज ऑफ लिबर्टी'मधली निम्मीअधिक मिशन्स या कोपऱ्यातच हातची जातात.

हे कॅम्पेन जुलै २०१० मध्ये आलं आणि नोव्हेंबर २०१७ पासून फुकट आहे. गेमच्या कंपनीच्या बॅटलनेट या सेवेवर खातं उघडा, डिस्कवर ३० जीबी जागा ठेवा आणि डाउनलोड रात्री लावून झोपा. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र खेळू नका. पुण्याच्या तपकीर गल्लीतला साधा वायरवाला माउसही पुरतो, फक्त दोन्ही बटणं खटकन वाजताहेत ना ते दुकानातच तपासा. उजवं क्लिक अडकलं तर सैन्य भलतीकडे निघतं. गुरुवारी तुमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जात असेल आणि घरी यूपीएस नसेल, तर एफ१० दाबून दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा. अर्ध्या तासाचं मिशन विसाव्या मिनिटाला काळोखात गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्यांदा खेळताना 'नॉर्मल' पातळी घ्या. दर मिशनआधी पातळी बदलता येते, त्यामुळे एखादं डोक्यावरून गेलं तर तेवढ्यापुरतं 'कॅज्युअल' करण्यात कमीपणा नाही. ऑप्शन्समध्ये गेमचा वेगही कमी करता येतो, हे बऱ्याच जणांना शेवटपर्यंत सापडत नाही.

आता बेस. एका बेसला सहसा मिनरल्सचे ८ ढीग असतात. ढिगामागे २ एससीव्ही (खणणारे आणि बांधकाम करणारे कामगार) म्हणजे १६, आणि गॅस काढणाऱ्या प्रत्येक रिफायनरीवर ३, म्हणजे दोन रिफायनऱ्या धरून एकूण २२. हा आकडा गाठेपर्यंत एससीव्ही बनवणारं कमांड सेंटर एक क्षणही रिकामं राहता कामा नये. पण पाच-पाच एससीव्ही एकदम रांगेत लावू नका. रांगेत लावताच सगळ्यांचे पैसे कापले जातात, काम मात्र एकावरच सुरू असतं. एक चालू आणि एक वाट बघतोय, एवढंच ठेवा.

सप्लायचं, म्हणजे किती माणसं पोसता येतील याचं, गणित सगळ्यांना नडतं. सप्लाय डेपोला १०० मिनरल्स लागतात आणि तो ८ सप्लाय देतो. मरीन १ खातो, एससीव्हीही १. मरीन बनवणाऱ्या दोन बॅरॅक्सवर रिॲक्टर (एकावेळी दोन मरीन काढणारी जोड) असतील तर एका फेरीत ४ मरीन निघतात, म्हणजे दोन फेऱ्यांत अख्खा डेपो संपला, एससीव्ही वेगळेच. खात्यात पगार जमा झालाय पण घरात धान्य भरायला डबा नाही, अशी गत होते. सप्लाय ५-६ उरला की पुढचा डेपो सुरू करायचा, अडल्यावर नाही. एकाच एससीव्हीला शिफ्ट दाबून एकापाठोपाठ दोन-तीन डेपो सांगून ठेवता येतात, आणि शेवटी शिफ्ट धरूनच मिनरल्सवर उजवं क्लिक केलं की तो काम आटोपून आपणहून खाणीवर परततो.

एका बेसवर तीन उत्पादन इमारती आरामात चालतात. तरीही मिनरल्स ५०० च्या वर जाऊ लागले की चौथी बॅरॅक्स बांधा. गॅस साचत असेल तर बॅरॅक्सला जोडायची टेक लॅब आणि इंजिनीअरिंग बेमधली अपग्रेडं घ्या.

सैन्य हलवताना नुसतं उजवं क्लिक करू नका. ए दाबून जमिनीवर डावं क्लिक करा, म्हणजे वाटेत शत्रू दिसला की सगळे थांबून लढतात. नुसत्या उजव्या क्लिकवर मेडिक तुरुतुरु पुढे जाऊन पहिल्या मरतात, मग मागच्या मरीनला बरं करायला कोणी उरत नाही. चढावर आणखी गंमत: सगळे तुळशीबागेच्या बोळात शिरल्यासारखे एकामागे एक जातात आणि वर उभे असलेले झर्ग (किड्यांसारखे परग्रही शत्रू) एकेकाला उचलतात. म्हणून चढाच्या अलीकडे सगळ्यांना गोळा करा आणि मगच सोडा. कंट्रोल दाबून १ वर पायदळ, २ वर गाड्या, ३ वर बॅरॅक्स ठेवा. एफ२ ने सगळं सैन्य एकदम निवडलं जातं. सोय चांगली, पण बेसवर पहाऱ्याला ठेवलेले रणगाडेही त्यात येतात आणि घर उघडं पडतं.

यातलं बरंच 'आउटब्रेक' मिशनमध्ये एकाच वेळी कामाला येतं. माइनहॉफ ग्रहावर संसर्ग झालेली माणसं उन्हात जळतात, म्हणून दिवसा इमारतींत दबा धरून बसतात आणि रात्री लोंढ्याने बाहेर पडतात. सगळ्या संसर्गित इमारती पाडायच्या असतात. रात्री बेसबाहेर एकही माणूस ठेवायचा नाही. येणाऱ्या वाटांवर बंकर बांधा (१०० मिनरल्स, आत ४ मरीन), पुढे फायरबॅट (आग फेकणारे सैनिक) आणि प्रत्येक बंकरमागे दोन एससीव्ही. एससीव्ही निवडून दुरुस्तीच्या बटणावर उजवं क्लिक केलं की ते न सांगता डागडुजी करत राहतात. हे एक क्लिक चुकलं की मधला बंकर फुटतो, तो फुटला की बाकीचेही दोन मिनिटांत जातात. दिवस उजाडताच हेलियन (आग फेकणाऱ्या गाड्या) आणि मरीन घेऊन निघा. हेलियनची आग सरळ रेषेत जाते, तेव्हा शत्रू रांगेत धावत येईल अशा जागी त्यांना उभं करा. घात होतो तो संध्याकाळच्या आसपास. समोरची इमारत जवळजवळ पडलेली असते, घड्याळात थोडाच वेळ उरलेला असतो आणि हात मागे घ्यावासा वाटत नाही. घ्या. इमारत उद्याही तिथेच असेल, पण बारा मरीन रात्री उघड्यावर सापडले तर परतणार नाहीत.

इतर मिशनांचं थोडक्यात. 'झीरो अवर'मध्ये २० मिनिटं तग धरायचा आहे, सगळा जोर बंकरवर ठेवा. 'डेव्हिल्स प्लेग्राउंड'ला ८००० मिनरल्स जमवायचे असतात आणि लाव्हा चढला की सखल भागातलं सगळं भस्म होतं. इशारा वाजताच आधी एससीव्ही उंचावर आणा, मग सैन्य. 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'तल्या ८ गाड्यांसाठी डायमंडबॅक गाडी घ्या, ती धावता धावता गोळीबार करते, तेव्हा तिला थांबवू नका. 'वेलकम टू द जंगल'मध्ये टेराझिन वायूचे ७ डबे गोळा करायचे आहेत, प्रत्येक फेरीला एससीव्हीसोबत गोलायथ (चालतं लढाऊ यंत्र) पाठवा. 'द डिग'मध्ये सीज टँक मिळतो. तो मोड बदलून उभा केला की त्याला दिसतं त्याहून लांब मारतो, म्हणून पुढे एखादा मरीन टेहळणीला हवाच. आणि त्याचा गोळा फुटला की जवळचे आपले लोकही भाजतात.

मिशनांच्या मधे जहाजावरच्या प्रयोगशाळेत, मिशनांत मिळवलेल्या प्रोटॉस (दुसरी परग्रही जात) आणि झर्ग संशोधनाच्या गुणांवर दोनांतली एक सुधारणा घेता येते. ही निवड नंतर बदलता येत नाही, तेव्हा तिथे घाई नको. प्रोटॉसच्या १० गुणांना 'ऑर्बिटल डेपो' घ्या: डेपो तत्काळ पडतो आणि वर सांगितलेली सप्लायची कटकट जवळपास संपते. १५ ला 'ऑटोमेटेड रिफायनरी', कारण दर रिफायनरीमागे ३ एससीव्ही मोकळे होतात. २५ ला 'टेक रिॲक्टर', त्यावर दुसरं मत नाही. झर्गच्या ५ गुणांना 'श्राइक टरेट' की 'फोर्टिफाइड बंकर' यावर वाद घालणारे भेटतील. दोन्ही चालतात. २५ ला मात्र 'साय डिसरप्टर' घ्या, जवळचे झर्ग मंदावतात आणि शेवटच्या मिशनला ते फार उपयोगी पडतं. क्रेडिट देऊन युनिट सुधारायच्या आर्मरीतले पहिले पैसे मरीनच्या 'कॉम्बॅट शील्ड'वर घाला: ४५ ऐवजी ५५ जीव. ज्या युनिटला तुम्ही क्वचित हात लावता, त्यावर एक क्रेडिटही नको.

एकूण २९ मिशन्स आहेत, पण तीन ठिकाणी दोनांतलं एकच मिळतं, त्यामुळे एका फेरीत २६ होतात. यातली शेवटची निवड खरी महागाची. 'बेली ऑफ द बीस्ट' खेळलात तर भुयारं बुजतात आणि 'ऑल इन' या शेवटच्या मिशनला आकाशातून हल्ले होतात. 'शॅटर द स्काय' खेळलात तर आकाश मोकळं राहतं, पण झर्ग सैन्य बाहेर ओतणारे नायडस किडे जमिनीतून उगवतात. आतापर्यंत टँक आणि बंकरवर पैसे ओतले असतील तर आकाश बंद करा. उडत्या शत्रूला मारणारे वायकिंग आणि थॉर तयार असतील तर भुयारं.

'ऑल इन'मध्ये आर्टिफॅक्ट (झर्गवर चालणारं परग्रही यंत्र) १०० टक्के भारेपर्यंत बेस टिकवायचा. दोन्ही बाजूंना टँक मागे आणि बंकर पुढे लावा. आर्टिफॅक्टमधून सोडता येणारी, जवळचे झर्ग मारणारी लाट पहिल्या गर्दीवर उधळू नका, ती पुन्हा भरायला वेळ लागतो. झर्गची राणी केरिगन स्वतः बंकरपाशी पोचेपर्यंत धरून ठेवा, तिच्याभोवतीची झुंड एका झटक्यात साफ होते आणि सगळ्या तोफा एकट्या तिच्याकडे वळतात. ९० टक्क्यांपुढे नवे एससीव्ही आणि अपग्रेडं बंद करा. असतील नसतील तेवढ्या मिनरल्सचे मरीन काढा, आणि खाणीवरचे सगळे एससीव्ही उचलून बंकरमागे दुरुस्तीला लावा.